जमिनीपासून वीतभर वर : व्हॉलीबॉलमधला बचावपटू आणि त्याचे धाकटे सोबती

१/
जपानच्या मियागी प्रांतातील एका उच्च माध्यमिक शाळेचे क्रीडागृह. संघातील सर्वांत बुटका खेळाडू आडवी झेप घेऊन जमिनीलगतचा चेंडू उचलतो, खांद्यावरून लोळण घेत क्षणात पुन्हा उभा राहतो आणि या कसरतीला स्वतःच दिलेले भारदस्त नाव मोठ्याने उच्चारतो. बरोबरीचे खेळाडू हसू लागतात. पहिल्या वर्षात नुकताच दाखल झालेला एक मुलगा मात्र हसत नाही. तो म्हणतो, मलाही हे शिकवा.

२/
शाळा काल्पनिक आहे आणि मुलेही. हारुइची फुरुदाते यांची ‘हाइक्यू’ ही चित्रमालिका २०१२ ते २०२० या काळात एका जपानी साप्ताहिकात चालली. तिचे ४५ खंड झाले आणि २०१४ पासून तिचे ॲनिमेशन जगभर पोहोचले. ‘हाइक्यू’ हा व्हॉलीबॉलसाठीचा जपानी शब्द. तो बुटका खेळाडू म्हणजे दुसऱ्या वर्षाचा निशिनोया यू आणि शिकवा म्हणणारा पहिल्या वर्षाचा हिनाता शोयो.

३/
कथा कल्पित असली तरी ती लोळण कल्पित नाही. तिला सहा दशकांहून अधिक इतिहास आहे. त्या इतिहासात एक गिरणी आहे, युद्धातून वाचून आलेला एक प्रशिक्षक आहे, एक ऑलिंपिक सुवर्णपदक आहे आणि बदलत गेलेली नियमावली आहे. गुण मिळवण्याची संधी ज्याला क्वचितच मिळते, त्या खेळाडूचे मोल खेळाला किती उशिरा कळले, याचा हा इतिहास आहे. हे कसब एका पिढीकडून दुसरीकडे कसे गेले, हेही त्यातच दिसते.

४/
आरंभ अमेरिकेत. मॅसॅच्युसेट्स राज्यातील होल्योक या गावी वायएमसीएचे शारीरिक शिक्षण संचालक विल्यम मॉर्गन यांनी १८९५ मध्ये एक नवा खेळ रचला. चार वर्षांपूर्वी जवळच्याच स्प्रिंगफील्डमध्ये बास्केटबॉल जन्मला होता. पण मध्यमवयीन व्यापाऱ्यांना ती धावपळ झेपत नसे. मॉर्गन यांनी जाळी ६ फूट ६ इंचांवर बांधली आणि चेंडू हवेत खेळता ठेवायला सांगितले. नाव दिले मिंटोनेट. पुढच्याच वर्षी स्प्रिंगफील्डमधील प्रात्यक्षिकानंतर त्याचे व्हॉलीबॉल झाले.

५/
या मूळ खेळात आक्रमक आणि बचावपटू असा भेद नव्हता. खेळाडू कितीही असत आणि चेंडूला कितीही वेळा हात लावता येई. चेंडू जमिनीवर पडू न देणे हेच सर्वांचे काम होते. म्हणजे ज्याला पुढे ‘बचाव’ म्हटले गेले, तो आरंभी खेळाचा एक विभाग नव्हता. तोच खेळ होता.

६/
आक्रमण आशियात आकाराला आले. वायएमसीएमार्फत हा खेळ फिलिपिन्सला पोहोचला आणि तेथे १९१६ च्या सुमारास एकाने चेंडू उंच उचलून द्यायचा, दुसऱ्याने उडी मारून तो खाली हाणायचा, ही जोडी रूढ झाली. १९१८ मध्ये प्रत्येक संघात सहा खेळाडू ठरले आणि १९२० मध्ये तीन स्पर्शांची मर्यादा आली. आता चेंडू वरून वेगाने खाली येऊ लागला. तो जमिनीलगत अडवणारा माणूस त्या दिवसापासून आवश्यक झाला.

७/
जपानमध्येही हा खेळ वायएमसीएच्याच वाटेने १९०८ नंतर आला. परंतु तेथे तो नऊ जणांचा झाला. त्यात एक महत्त्वाचा फरक होता. सहा जणांच्या खेळात खेळाडू आळीपाळीने जागा बदलतात, त्यामुळे प्रत्येकाला पुढेही खेळावे लागते आणि मागेही. नऊ जणांच्या खेळात जागा बदलत नाहीत. मागच्या रांगेतला खेळाडू सामना संपेपर्यंत मागेच राही. परतवून लावणे एवढेच त्याचे काम आणि त्यातच त्याचे प्रावीण्य.

८/
म्हणजे पूर्णवेळ बचावपटूची जागा जपानी खेळाडूंनी कितीतरी आधी पाहिली होती. १९४७ मध्ये पॅरिसला आंतरराष्ट्रीय महासंघ स्थापन झाला आणि सहा जणांचा खेळ जगभर प्रमाण ठरला. १९५० च्या दशकात जपान त्याकडे वळला, तेव्हा ती जागा नियमातून नाहीशी झाली. तिच्यासाठी घडवलेले कसब मात्र खेळाडूंच्या हातांत उरले होते. आता ते सहाही जणींना शिकवावे लागणार होते.

९/
हे शिकवणे घडले ओसाका प्रांतातील काइझुका गावी, निचिबो या कापड कंपनीच्या गिरणीत. तेथील महिला संघाचे प्रशिक्षक होते हिरोबुमी दाइमात्सु. १९४४ च्या इंफाळ मोहिमेतून जिवंत परतलेल्या मोजक्या जपानी सैनिकांपैकी ते एक. याच मोहिमेत संगशाकच्या लढाईत मराठा लाइट इन्फन्ट्रीची एक पलटण जपानी फौजेसमोर उभी होती. उपासमार आणि रोगराईने पोखरलेल्या त्या माघारीचा ठसा दाइमात्सुंच्या शिस्तीवर कायम राहिला.

१०/
संघातील बहुतेक मुली उच्च माध्यमिक शाळा संपवून थेट गिरणीत आलेल्या. दिवसा कचेरीत काम आणि त्यानंतर सराव, अनेकदा मध्यरात्रीपर्यंत. कर्णधार मासाए कासाई यामानाशी प्रांतातल्या, १९३३ च्या जन्माच्या. ऑलिंपिकच्या वेळी त्या ३१ वर्षांच्या होत्या, तर त्याच संघातील साता इसोबे अवघ्या १९ वर्षांच्या. एका संघात जवळजवळ दोन पिढ्या नांदत होत्या.

११/
दाइमात्सुंपुढचा प्रश्न साधा होता. सोव्हिएत खेळाडू उंच आणि ताकदवान. जाळीवर त्यांची बरोबरी होणे कठीण. तेव्हा त्यांचा चेंडू जमिनीवर पडूच द्यायचा नाही. पण दूरच्या चेंडूसाठी झेप घेतली की खेळाडू आडवी होते, आणि ती उठेपर्यंत प्रतिस्पर्धी पुढचा घाव घालतो. झेप घेणे शक्य होते. अडचण झेपेनंतरच्या त्या एका सेकंदाची होती.

१२/
उत्तर एका खेळण्याने सुचवले. जपानमध्ये तळ जड असलेली एक बाहुली असते. ती आडवी पाडली तरी डुलत पुन्हा उभी राहते. त्या धर्तीवर दाइमात्सुंनी फिरता बचाव रचला. पूर्ण अंग ताणून चेंडू उचलायचा, पडण्याचा वेग अडवायचा नाही, उलट तोच वापरून खांद्यावरून तिरके लोळायचे आणि त्याच गतीत पायांवर यायचे. पडणे आणि उठणे या दोन क्रियांची एकच क्रिया झाली.

१३/
ही क्रिया अंगात मुरवण्याची रीत कठोर होती. प्रशिक्षक जवळून चेंडूमागून चेंडू फेकत आणि खेळाडू लोळत, उठत, पुन्हा लोळत. दुखापती अंगावर घेऊन सराव चाले. परदेशी पत्रकारांनी तेव्हाच यावर टीका केली होती. दाइमात्सुंच्या १९६३ मधील पुस्तकाचे नाव ‘माझ्या मागे या’ अशा अर्थाचे आहे आणि त्यात त्यांची सारी पद्धत सामावली आहे. पुढील आयुष्यात अनेक खेळाडू त्यांच्याविषयी आदराने बोलल्या. सरावाचा कठोरपणा आणि खेळाडूंचा हा आदर, इतिहासाला या दोन्हींची नोंद ठेवावी लागते.

१४/
१९६० च्या जागतिक स्पर्धेत जपानी महिलांना रौप्यपदक मिळाले. १९६२ मध्ये मॉस्कोत त्यांनी सोव्हिएत संघाला त्याच्याच भूमीवर हरवून विश्वविजेतेपद मिळवले. तेथे थांबण्याचा खेळाडूंचा विचार होता. कित्येकींना विवाह करून नवे आयुष्य सुरू करायचे होते. परंतु १९६४ च्या टोकियो ऑलिंपिकमध्ये व्हॉलीबॉलचा प्रथमच समावेश होणार होता. लोकांचा आग्रह वाढत गेला आणि त्या आणखी दोन वर्षे खेळल्या.

१५/
२३ ऑक्टोबर १९६४. त्याच दिवशी बुदोकानमध्ये जपानचा ज्युडोपटू कामिनागा हॉलंडच्या गेसिंककडून हरला होता आणि देश हळहळत होता. सायंकाळी कोमाझावा क्रीडागृहात जपानी महिलांनी सोव्हिएत संघाचा १५-११, १५-८, १५-१३ असा पराभव केला. दूरचित्रवाणीवर या सामन्याला ६६.८ टक्के प्रेक्षक लाभल्याची नोंद आहे. तिसऱ्या डावात जपान विजयापासून एका गुणावर असताना सोव्हिएत खेळाडू १३ पर्यंत येऊन पोहोचल्या होत्या.

१६/
शेवटचा गुण कसा मिळाला, हे लक्षात ठेवण्याजोगे आहे. तो स्मॅशने मिळाला नाही. सोव्हिएत खेळाडूचा हात जाळीपलीकडे गेला आणि पंचांनी चूक दिली. बचावावर उभ्या असलेल्या संघाला साजेसाच हा शेवट होता. चेंडू पुन्हा पुन्हा परत येत राहिला की समोरच्याला प्रत्येक वेळी आधीपेक्षा अधिक अचूक घाव घालावा लागतो, आणि केव्हातरी तो चुकतो.

१७/
यानंतर जपानमध्ये मुलींच्या व्हॉलीबॉलची लाट आली. चिकाको उरानो यांची ‘अटॅक नंबर वन’ ही शालेय व्हॉलीबॉलवरील चित्रमालिका १९६८ मध्ये सुरू झाली आणि १९६९ मध्ये ती दूरचित्रवाणीवर आली. १९७० पासून उच्च माध्यमिक शाळांची राष्ट्रीय वसंत स्पर्धा भरू लागली. गिरणीतली ती लोळण आता शाळांच्या क्रीडागृहांत पोहोचली. गिरणीच्या आणि शाळेच्या संघात मात्र एक मूलभूत अंतर होते.

१८/
गिरणीच्या संघात कासाई दहा वर्षे राहू शकल्या. जपानी उच्च माध्यमिक शाळा तीन वर्षांची असते. दरवर्षी तिसऱ्या वर्षाचे खेळाडू निघून जातात आणि कोरी पाटी घेऊन नवे येतात. आज संघाला जे येते, ते दोन वर्षांत धाकट्यांच्या हाती सोपवले नाही तर संघाबाहेर जाते. म्हणून शालेय संघाची स्मृती चषकांच्या कपाटात राहत नाही. ती सेनपाई आणि कोहाई, म्हणजे थोरले आणि धाकटे, यांच्या नात्यात राहते.

१९/
बचावाच्या बाबतीत हे अधिकच खरे, कारण बचाव पाहून कळत नाही. थोडे गणित मांडावे. चेंडू ताशी १०० किलोमीटर वेगाने सुटला तर तो सेकंदाला सुमारे २८ मीटर जातो. जाळीपासून मागची रेषा ९ मीटरवर. म्हणजे हाती उरतो सुमारे एक तृतीयांश सेकंद. डोळ्याने पाहून शरीर हलवायलाच त्यातला साधारण ०.२ सेकंद जातो. चेंडू पाहून मग धावणारा बचावपटू नेहमीच उशिरा पोहोचतो.

२०/
चांगला बचावपटू म्हणूनच चेंडूआधी माणसाकडे पाहतो. चेंडू उचलून देणाऱ्याचे हात कोणत्या दिशेला वळले, आक्रमक कोणत्या कोनातून धावत आला, त्याचा खांदा उघडला की मिटला, आपल्या ब्लॉक करणाऱ्यांच्या हातांनी कोणता मार्ग बंद केला आणि कोणता मोकळा सोडला, यावरून तो जागा ठरवतो. प्रेक्षकाला दिसते ती झेप. खरे काम झेपेपूर्वीच्या दोन पावलांत झालेले असते, आणि ती दोन पावले कोणी दाखवून दिल्याशिवाय दिसत नाहीत.

२१/
हातांचेही तसेच. मनगटे जुळवून दोन्ही बाहूंची एक सपाट फळी करायची. कोपरे ताठ, अंगठे समांतर, कंबर खाली, भार पुढच्या पायावर. चेंडूला मारायचे नाही, फळीचा कोन बदलून त्याला दिशा द्यायची. हे एका परिच्छेदात लिहिता येते. पण नवख्या मुलाच्या कोपराखाली हात धरून ‘एवढे खाली’ असे दाखवावे लागते, आणि तेही शंभरदा. चुकलेला चेंडू का चुकला, हे बाजूला उभ्या असलेल्या थोरल्यालाच अचूक दिसते.

२२/
‘हाइक्यू’मध्ये यावर मार्मिक विनोद आहे. कसे उचलायचे असे धाकट्यांनी विचारल्यावर निशिनोया केवळ ध्वनिवाचक शब्दांत उत्तर देतो: सर्रकन जा, अलगद कर, टप्प. कोणालाच काही कळत नाही. ज्याच्या अंगात कसब पूर्ण मुरले आहे, त्याला ते शब्दांत उलगडून सांगता येत नाही, ही साऱ्या हस्तकौशल्यांची जुनी अडचण. तो शिकवतो ते शेजारी उभा राहून, करून दाखवून आणि धाकट्याच्या मागे सावरायला थांबून.

२३/
निशिनोया ज्या जागेवर खेळतो, ती जागा मात्र १९६४ मध्ये नव्हती. दरम्यान नियम हळूहळू बचावाच्या बाजूने सरकत गेले. १९७६ पासून ब्लॉकला लागलेला चेंडू तीन स्पर्शांत धरला जाईनासा झाला. बचावाला एक स्पर्श अधिक मिळाला. १९९० च्या दशकाच्या मध्यात पहिल्या स्पर्शातील दुहेरी लागणे क्षम्य ठरले आणि चेंडू शरीराच्या कोणत्याही भागाने, अगदी पायानेही, खेळण्यास मुभा मिळाली.

२४/
तरीही आक्रमक उंच आणि बलवान होत गेले. चेंडू थोडक्यात मरू लागला. यावर आंतरराष्ट्रीय महासंघाने काही काळ प्रयोग करून १९९८ मध्ये एक नवी भूमिका स्वीकारली: लिबेरो. शब्द इटालियन, अर्थ ‘मुक्त’. हा खेळाडू मागच्या रांगेत कोणाच्याही जागी येऊ शकतो आणि त्याची ये-जा बदली खेळाडूंच्या मर्यादेत मोजली जात नाही. पंचांना तो चटकन ओळखू यावा म्हणून त्याचा सदरा वेगळ्या रंगाचा असतो.

२५/
नाव मुक्त, पण बंधने पुष्कळ. लिबेरोने ब्लॉक करायचा नाही. जाळीच्या कडेपेक्षा उंच असलेल्या चेंडूवर आक्रमण करायचे नाही. आंतरराष्ट्रीय नियमांत त्याला सर्व्हिसही नाही. शिवाय लिबेरो म्हणून खेळताना त्याने कर्णधार व्हायचे नाही. ज्याच्याकडे सारा संघ संकटात पाहतो, त्यालाच संघाच्या वतीने पंचांशी बोलण्याचा अधिकार नव्हता.

२६/
लिबेरोची पहिली जागतिक स्पर्धा १९९८ मध्ये जपानमध्येच झाली. नऊ जणांच्या खेळात घडलेली आणि सहा जणांच्या खेळात हरवलेली मागच्या रांगेतली ती जागा चार दशकांनी परत आली. त्याच सुमारास प्रत्येक रॅलीला गुण देणारी पद्धत लागू झाली. पूर्वी स्वतःची सर्व्हिस असतानाच गुण मिळे. आता सर्व्हिस घेताना झालेली चूक थेट समोरच्याच्या खात्यात जाऊ लागली. बचावाची किंमत प्रथमच गुणफलकावर उमटली.

२७/
या नियमाने बुटक्या खेळाडूंना सर्वोच्च पातळीचे दार उघडले. २०१२ च्या लंडन ऑलिंपिकमध्ये जपानी महिलांनी २८ वर्षांनी पदक मिळवले. त्या संघाची लिबेरो युको सानो हिची उंची १५९ सेंटिमीटर. ‘हाइक्यू’तल्या निशिनोयाची उंचीही जवळजवळ तेवढीच. पण त्याचे म्हणणे असे, की आपण दोन मीटर उंच असतो तरी हीच जागा मागितली असती. बुटके असल्याची ही भरपाई नाही, ही निवड आहे, हे धाकट्यांनी त्याच्याकडून शिकायचे.

२८/
धाकट्यांना आधार देणारा बचावपटू प्रत्यक्षात कसा असतो, याचे उदाहरण ब्राझीलचे सर्जिओ सांतोस, लोकांचे ‘सर्जिन्यो’. २००४ मध्ये ऑलिंपिक सुवर्ण; २००९ मध्ये वर्ल्ड लीगचे सर्वोत्तम खेळाडू. २०१६ च्या रिओ ऑलिंपिकला ते ४० वर्षांचे होते आणि २००४ च्या संघातले एकटेच उरले होते. गटातले दोन सामने हरून ब्राझील बाहेर पडण्याच्या बेतात होता. चोविशीतल्या लुकारेलीसारखे तरुण जाळीवर आणि त्यांच्या मागे हे. अंतिम सामन्यात ब्राझीलने इटलीला ३-० ने हरवले. स्पर्धेचा सर्वोत्तम खेळाडू ठरला लिबेरो.

२९/
या इतिहासाची एक काळी बाजू सांगितल्याशिवाय तो पूर्ण होत नाही. ‘माझ्या मागे या’ ही आज्ञा जपानी शालेय क्रीडामंडळांत पिढ्यानपिढ्या गिरवली गेली आणि अनेक ठिकाणी तिची छडी झाली. जपानमध्ये शाळेत शारीरिक शिक्षा १९४७ च्या कायद्याने निषिद्ध आहे. तरीही डिसेंबर २०१२ मध्ये ओसाका शहरातील एका शाळेच्या बास्केटबॉल संघाच्या किशोरवयीन कर्णधाराने प्रशिक्षकाच्या मारहाणीनंतर आत्महत्या केली. देश हादरला. २०१३ मध्ये शिक्षण मंत्रालयाने क्रीडामंडळांतील मार्गदर्शनासाठी नवी तत्त्वे जाहीर केली.

३०/
‘हाइक्यू’ सुरू झाली ती त्याच २०१२ मध्ये. तिच्यातली लोळण काइझुकाचीच आहे. शिकवण्याची रीत मात्र तिथली नाही. येथे कोणी कोणावर चेंडूंचा मारा करून लोळायला लावत नाही. धाकटा स्वतः विचारतो, थोरला आनंदाने दाखवतो. चेंडू सुटला तर मागे कोणीतरी आहे, या भरवशावर पुढचे खेळाडू निर्धास्त उडी मारतात. कसब तेच राहिले. ते देणाऱ्या हाताचा स्वभाव बदलला.

३१/
वास्तवातही एक छोटा बदल झाला होता. शाळांची वसंत स्पर्धा पूर्वी मार्चमध्ये भरत असे, तेव्हा तिसऱ्या वर्षाचे खेळाडू संघ सोडून गेलेले असत. २०११ पासून ती जानेवारीत भरू लागली. थोरल्यांना धाकट्यांबरोबर आणखी काही महिने, एका मोठ्या स्पर्धेपर्यंत, खेळता येऊ लागले. वेळापत्रकातला हा फेरफार कोणाला किरकोळ वाटेल. ज्या संघाची स्मृती तीन वर्षांची असते, त्याच्यासाठी काही महिने ही मोठी मुदत आहे.

३२/
कासाई पुढे काय करत होत्या? ऑलिंपिकनंतर त्या निवृत्त झाल्या. १९६५ मध्ये त्यांचा विवाह झाला. स्थळ सुचवण्यात खुद्द पंतप्रधान सातो यांचा हात होता. पुढची अनेक वर्षे त्यांनी गृहिणींच्या व्हॉलीबॉलला मार्गदर्शन केले. जपानमध्ये हा खेळ आजही नऊ जणींचा आहे. म्हणजे विश्वविजेत्या संघाची कर्णधार पुन्हा त्याच खेळाकडे परतली, जिथे मागच्या रांगेतल्या खेळाडूची जागा पक्की असते. २०१३ मध्ये, वयाच्या ८० व्या वर्षी त्यांचे निधन झाले.

३३/
२०२१ पासूनच्या आंतरराष्ट्रीय नियमावलीत आणखी एक बंधन गळून पडले. लिबेरोला आता कर्णधार होता येते. वेगळ्या रंगाचा सदरा घातलेला तो खेळाडू नाणेफेकीला जाऊ शकतो, पंचांशी बोलू शकतो. नियमाने त्याला हा मान देण्यास २३ वर्षे लावली. शाळांच्या क्रीडागृहांत धाकट्यांनी तो कितीतरी आधी देऊन टाकला होता.

३४/
चेंडू जमिनीवर टेकला की रॅली संपते. तो वीतभर वर असताना कोणाचा तरी हात खाली गेला तर ती पुढे चालते. गुणफलकावर त्या हाताचे नाव लागत नाही. पण पुढच्या वर्षी तो खेळाडू शाळा सोडून जातो, आणि त्याच्याच जागी उभा असलेला पहिल्या वर्षाचा कोणी मुलगा, आक्रमकाचा खांदा पाहून, चेंडू सुटण्याआधी दोन पावले डावीकडे सरकतो.

(समाप्त)